साओ पाउलोत तीन आठवडे झाले, आता राहू कुणाबरोबर?

रोहित_सांगलीकर
१७ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

२७ जुलैला ब्राझीलमधल्या साओ पाउलोत उतरलो. मुंबई, आदिस अबाबा, मग साओ पाउलो. इथल्या विद्यापीठात पीएचडी करतोय, विषय उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडापासून, इथेनॉल. घरापासून एवढ्या लांब एकट्याने यायची ही पहिलीच वेळ.

आल्या आल्या थंडी. जुलै-ऑगस्ट हा इथला हिवाळा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, दिवसभर भुरभुर पाऊस, रात्री दहा-बारा अंश, आणि घरात हीटर नसतोच. पाय टेकवला की फरशी झोंबते. आंघोळीला विजेचा शॉवर. पाणी तापवणारी कॉइल डोक्यावरच्या शॉवरमध्येच बसवलेली आणि तिच्या वायरी भिंतीतून बाहेर आलेल्या सरळ दिसतात. पहिल्या दिवशी मी त्या वायरींकडे बघत बराच वेळ उभा राहिलो आणि शेवटी आंघोळ न करताच बाहेर आलो.

निघण्याआधी चार महिने पोर्तुगीज शिकलो होतो. इथे कानावर येतं ते वेगळंच. 'ति'चा उच्चार 'चि', 'दि'चा 'जि', शब्दाच्या सुरुवातीला 'र' असला की त्याचा 'ह'. 'ह' मात्र उच्चारतच नाहीत. त्यामुळे रोहितचा झाला 'होईची'. प्रयोगशाळेत कामाचं बोलणं इंग्रजीत होतं, अडचण येत नाही. जेवायला बसलो की सगळे पोर्तुगीजवर येतात. कुणीतरी काहीतरी बोलतं, टेबलभर हसू पसरतं, आणि मी भाताकडे बघत राहतो. दिवसातला सगळ्यात जड वेळ तोच.

आता मुद्द्याचं. सध्या आठवड्याच्या भाड्यावर एका खोलीत आहे. महिनाअखेरपर्यंत कायमची जागा ठरवायची आहे आणि दोन पर्याय आहेत.

एक, शहराबाहेर बारुएरीला दोन तेलुगू मुलांच्या फ्लॅटमध्ये खोली रिकामी आहे. दोघं आयटीतले, स्वभावाने फार चांगले, रोज रात्री वरणभात, बोलणं हिंदीत. पण आठ नंबरची लोकल, ओझास्कूला बदलून नऊ नंबरची, मग बस. एका बाजूने सव्वा तास.

दोन, विद्यापीठाजवळ बुतांतामध्ये एक 'हेपुब्लिका'. विद्यार्थी एकत्र भाड्याने घर घेऊन राहतात त्याला इथे हाच शब्द आहे, प्रजासत्ताक! चार जण राहतात, दोन मुलं, दोन मुली, चौघंही इथलेच. इंग्रजी एकाला थोडंफार येतं. विद्यापीठ चालत वीस मिनिटं.

आई सकाळी सातला फोन करते, तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. ती म्हणते, आपल्या माणसांत राहा. तुम्हाला काय वाटतं?

---

आंबाघाट
१७ ऑगस्ट २०२४

प्रजासत्ताकात राहायचं म्हणजे झेंडावंदन करावं लागणार! खूप शुभेच्छा रे. फोटो टाक.

---

व्यवहारी_माणूस
१७ ऑगस्ट २०२४

आईचं ऐक.

मी २००९ मध्ये जर्मनीला गेलो तेव्हा असाच उत्साह होता. जर्मन मुलांबरोबर राहायला गेलो. दुसऱ्याच महिन्यात तापाने फणफणलो. तीन दिवस खोलीबाहेर आलो नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी एक बंगाली मुलगा मला शोधत आला आणि त्याने डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, पहिले सहा महिने आपल्या माणसांत काढावेत. भाषा नंतरही येते. आजारपण आणि एकटेपण एकदम आलं की माणूस खचतो. सव्वा तासाचं काय, कर्जतहून लोक रोज येतात.

---

मीनल_ठाणे
१८ ऑगस्ट २०२४

व्यवहारी दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो जर्मनीचा आहे. मी २०१२ ते २०१६ साओ पाउलोत होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथे तीन दिवस तुम्ही खोलीबाहेर आला नाहीत तर शेजारची आजी सूप घेऊन दार वाजवेल.

रोहित, आधी शॉवरचं. त्याच्यावर एक खटका असतो, 'इन्व्हेर्नू' म्हणजे हिवाळा आणि 'व्हेराँव' म्हणजे उन्हाळा. तो हिवाळ्यावर ठेव. खटका बदलायचा तो पाणी बंद असताना, हात कोरडे असताना. आणि नळ पूर्ण सोडायचा नाही, धार बारीक केली की पाणी जास्त तापतं. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, पहिला अख्खा जून मी कुडकुडत काढला.

जागेबद्दल माझं मत सरळ आहे, हेपुब्लिका घे. मी चार वर्षं भारतीयांच्या गटात राहिले. माणसं सगळी गोड, दिवाळी-संक्रांत सगळं साजरं केलं. पण परत आले तेव्हा माझं पोर्तुगीज बाजारापुरतंच होतं. शेजारच्या आजीशी मला खूप बोलायचं होतं. ती तिच्या गावाबद्दल सांगायची, मी मान हलवायचे. ते अजून मनात राहिलंय.

एक लक्षात ठेव. 'पासा ला एं काझा', म्हणजे 'ये एकदा घरी', असं प्रत्येक जण म्हणेल. ते आपल्याकडच्या 'या एकदा चहाला'सारखं समजायचं. दिवस आणि वेळ सांगितली तरच ते आमंत्रण. पहिल्यांदा मला वाईट वाटायचं, मग लक्षात आलं की आपणही हेच करतो.

---

कोल्हापुरी_तडका
१८ ऑगस्ट २०२४

मला एक कळत नाही, पीएचडीला ब्राझील का? अमेरिका, जर्मनी सोडून?

---

रोहित_सांगलीकर
१८ ऑगस्ट २०२४

मीनलताई, खटका सापडला! आज तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट गरम पाण्याने आंघोळ झाली. मनापासून आभार.

कोल्हापुरी दादा, हा प्रश्न घरी मामांनीही विचारला होता. आपला भाग उसाचा. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची कमाई कारखान्याशी बांधलेली. ऊस आणि इथेनॉल शिकायचं तर ब्राझीलसारखी जागा नाही. तेलाच्या भावाने कंबरडं मोडलं म्हणून यांनी १९७५ मध्ये सरकारी कार्यक्रम काढून गाड्यांना अल्कोहोल प्यायला लावलं. २००३ पासून अशा गाड्या आल्या की टाकीत पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही मिसळून घाला, गाडी चालते. प्रत्येक पंपावर इथेनॉलची वेगळी नळी आहे. भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल परवडतं, हा हिशेब टॅक्सीवाल्याला तोंडपाठ. देशात सगळ्यात जास्त ऊस याच साओ पाउलो राज्यात होतो. आणि विद्यापीठ सरकारी असल्यामुळे फी नाही.

मोफत शिक्षण हा फायदा आहेच, पण मी आलो उसासाठी.

---

कोल्हापुरी_तडका
१८ ऑगस्ट २०२४

पटलं. शिकून परत ये, आम्हाला गरज आहे.

---

मांडवीकाठ
१९ ऑगस्ट २०२४

रोहित, मी पणजीचा, वय ८१. १९६१ पूर्वी आमची शाळा पोर्तुगीजमध्येच झाली. ती भाषा आता बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तुझा धागा दोनदा वाचला.

तुला ही भाषा परकी वाटते, पण तिचे कितीतरी शब्द तू लहानपणापासून बोलतोयस. साबण, चावी, पगार, बटाटा, पाव, घमेलं, पिंप, बिजागरी, फीत, लिलाव, नाताळ. हे सगळे शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि घाट चढून तुझ्या सांगलीपर्यंत पोचले. काजू तर मुळात तिथल्या तुपी लोकांचा शब्द. पोर्तुगिजांनी तो ब्राझीलमधून उचलला आणि झाडासकट गोव्यात आणला. अननसाचंही तसंच, फक्त गंमत अशी की ब्राझीलमध्ये आज त्याला 'अबाकाशी' म्हणतात आणि 'अनानास' आपल्याकडे राहिला.

उच्चार आमच्यापेक्षा वेगळे आहेत. आम्हाला लिस्बनच्या वळणाचं शिकवलं, तिथे स्वर अर्धे गिळतात. ब्राझीलचे लोक स्वर मोकळे सोडतात, त्यामुळे कान लवकर बसेल. तीन महिने धीर धर.

---

रोहित_सांगलीकर
२० ऑगस्ट २०२४

काका, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज दुपारी त्याचा प्रत्यय आला.

इथे 'पिक्स' नावाची पद्धत आहे, आपल्या यूपीआयसारखी. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केली आणि आता शहाळेवालासुद्धा तीच वापरतो. तर आज एका दुकानात बाई मला काहीतरी विचारत होत्या, 'शावी? शावी?' पाठीमागे रांग. आणि एकदम तुमची यादी आठवली. चावी! पिक्सचा जो पत्ता असतो, फोन नंबर किंवा ईमेल, त्याला हे लोक चावी म्हणतात. मी 'शावी' म्हणत माझा नंबर सांगितला. बाई हसल्या आणि अंगठा दाखवला. कुणीही न समजावता कळलेला हा माझा पहिला शब्द.

---

मांडवीकाठ
२० ऑगस्ट २०२४

डोळे भरून आले रे बाळा.

---

सुलभा_नाशिक
२१ ऑगस्ट २०२४

माझी मुलगी फेब्रुवारीत कांपिनासला, ब्राझीलमध्येच, जाणार आहे. मांसाहार करत नाही, अंडं चालतं. रोहित, जेवणाचं कसं करतोस? आणि कागदपत्रांचं काही सांगशील का? आम्हाला इथे विचारायला कुणी नाही.

---

रोहित_सांगलीकर
२१ ऑगस्ट २०२४

सुलभाताई, मीही अंड्यापर्यंतच. विद्यापीठाच्या भोजनगृहाला 'बांदेजाँव' म्हणतात. दोन हेआइसमध्ये (हे इथलं चलन) भात, घेवडा, भाजी, सॅलड आणि फळ. मांसाऐवजी शाकाहारी पदार्थ रोज असतो, बहुतेक वेळा सोयाचा. भात आणि घेवडा हे इथलं रोजचं जेवण, आपल्या वरणभातासारखं. बाहेर मात्र घेवड्यात डुकराची चरबी किंवा मांस घातलेलं असतं, त्यामुळे दर वेळी विचारायचं. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. मी तसं सांगितलं आणि हॅमचं सँडविच समोर आलं, कारण त्यांच्या लेखी 'कार्नी' म्हणजे गुराचं मांस. हॅम नको, कोंबडी नको, मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांगायला मुलीला शिकवा. वजनावर ताट भरून घ्यायची हॉटेलं सगळीकडे आहेत, ती सोयीची. काय आहे ते डोळ्यांसमोर दिसतं.

मिक्सर आणू नका. माझ्या इमारतीत वीज १२७ व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता गुणगुणतो. पिनाही वेगळ्या.

कागदपत्रांत दोन महत्त्वाची. सीपीएफ, म्हणजे अकरा आकडी कर क्रमांक. सिम कार्ड, बँक, औषधाचं दुकान, सगळीकडे पहिला प्रश्न तोच. तो भारतातूनच त्यांच्या वकिलातीमार्फत काढता येतो, काढून ठेवा. आणि आल्यावर ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करून परदेशी नागरिकाचं ओळखपत्र घ्यायचं. त्याची वेळ ऑनलाइन मिळते, पहिल्याच आठवड्यात घ्या.

---

डॉ_वैद्य
२१ ऑगस्ट २०२४

सुलभाताई, पीतज्वराची लस विसरू नका. ब्राझील आपल्या आरोग्य खात्याच्या पीतज्वर यादीत आहे. परत येताना पिवळं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि फक्त मान्यताप्राप्त केंद्रावरच. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पासपोर्टलाच लावून ठेवा.

व्यवहारी यांनी आजारपणाचा मुद्दा काढला म्हणून सांगतो. ब्राझीलमध्ये 'सूस' ही सरकारी आरोग्यसेवा परदेशी माणसालाही मोफत आहे. घराजवळचा दवाखाना कुठला, एवढं आधी बघून ठेवायचं.

---

मीनल_ठाणे
२२ ऑगस्ट २०२४

मसाल्यांचं राहिलंच. ब्रास भागात घाऊक धान्यबाजार आहे, तिथे जिरं, धणे, हळद, मसूर, छोले सगळं मिळतं. तूर त्यांच्याकडे 'ग्वांदू' नावाने असते, पण अख्खी. आणि आठवडी बाजारात हिरवी जुडी घेताना आधी वास घ्या! दिसते कोथिंबिरीसारखी, असते पार्सली. साओ पाउलोत तीच जास्त खातात. कोथिंबीर हवी तर 'कोएंत्रू' म्हणून मागायची. बाजारातच गरम पास्तेल, म्हणजे सारण भरून तळलेली पारी, आणि उसाचा रस मिळतो, तो प्यायल्याशिवाय घरी यायचं नाही.

---

रोहित_सांगलीकर
२२ ऑगस्ट २०२४

अवांतर: हळदीला हे लोक 'आसाफ्राँव दा तेहा' म्हणतात, मातीतलं केशर. सांगलीच्या माणसाला हे नाव फार आवडलं. आईने दिलेली राजापुरी हळद प्रयोगशाळेत नेली, सगळ्यांनी पाकिटाला नाक लावून वास घेतला.

---

रानमेवा
२३ ऑगस्ट २०२४

हळदीवरून आठवलं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा तिथलाच ना? म्हणजे आषाढीचा अर्धा फराळ दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा, दाणे, बटाटा, सगळे तिकडचे.

---

रोहित_सांगलीकर
२३ ऑगस्ट २०२४

हो! त्याच्याच पिठाच्या चीजवाल्या छोट्या पावांवर माझी सकाळ चालते. आणि हेपुब्लिकातली एक मुलगी दक्षिणेकडच्या राज्यातली आहे. तिने सांगितलं की त्यांच्याकडे साबुदाणा लाल वाइनमध्ये शिजवून गोड करतात.

---

आंबाघाट
२३ ऑगस्ट २०२४

हे माझ्या आजीला सांगणार नाही, चतुर्थी सोडेल ती!

---

व्यवहारी_माणूस
२४ ऑगस्ट २०२४

धागा साबुदाण्यावर गेला, जागेचं काय ठरलं? डॉक्टरांचं म्हणणं मान्य. पण चोऱ्यांचं काय? मोबाइल हातातून खेचून नेतात असं वाचतो. अनोळखी शहरात रात्री एकट्याने फिरणं वेगळं आणि बरोबर कुणी असणं वेगळं.

---

मीनल_ठाणे
२४ ऑगस्ट २०२४

हे खरंच आहे. रस्त्यात फोन हातात धरून चालायचं नाही, सायकलवरून येतात आणि नेतात. रस्ता बघायचा असेल तर दुकानात शिरून बघायचा. पण दादा, मग तर जवळचं घर बरं ना? रोज रात्री सव्वा तास प्रवास, मध्ये गाडी बदलायची, त्यापेक्षा चालत वीस मिनिटं सुरक्षित.

---

व्यवहारी_माणूस
२४ ऑगस्ट २०२४

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रोहित, तिथे जेवून ये एकदा. जेवणावर बसलं की घर कळतं.

---

रोहित_सांगलीकर
३१ ऑगस्ट २०२४

दादा, तुमचं ऐकलं. गुरुवारी त्यांच्याकडे जेवलो.

घेवडा शिजत होता. कुकर आपल्यासारखाच, पण शिट्ट्या नाहीत. एकदा वाफ धरली की शिट्टी फिरत राहते आणि सलग फुसफुस चालू, हे लोक मिनिटं मोजतात. मी सवयीने विचारलं, किती शिट्ट्या? शब्द येईना म्हणून तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली आणि बोटांनी तीन केले. चौघांनाही कळेना. मग मी फोनवर आईच्या स्वयंपाकघरातला व्हिडिओ लावला. कुकरची शिट्टी झाली तशी एक जण दचकून खुर्चीवरून उठला, आणि सगळे खो-खो हसत सुटले. मीही. या देशात टेबलावर बसून सगळ्यांबरोबर हसलो तो हा पहिला दिवस.

माझ्यासाठी घेवड्याचं वेगळं पातेलं होतं, मांसाशिवाय. मी सांगितलंही नव्हतं, प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी विचारून ठेवलं होतं म्हणे.

उद्या सामान हलवतोय. बारुएरीच्या मुलांना फोन केला, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. महिन्यातून एक रविवार वरणभाताला यायचं, असं वचन घेतलंय. आईला मीनलताई आणि व्यवहारी दादा, दोघांचे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, जेवायला वेगळं पातेलं लावलं ना, मग जा.

---

सुलभा_नाशिक
३१ ऑगस्ट २०२४

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

---

मांडवीकाठ
१ सप्टेंबर २०२४

उत्तम केलंस. शनिवारी चतुर्थी आहे. काय करणार?

---

रोहित_सांगलीकर
८ सप्टेंबर २०२४

काका, केली चतुर्थी! ७ सप्टेंबर हा इथला स्वातंत्र्यदिन, त्यामुळे सगळे घरी. गणपती कारागिरीच्या दुकानातून शाडूसारखी माती आणून मीच केला, वीतभर. गेले काही दिवस वणव्यांचा धूर शहरावर आलाय, सूर्य तांबडा गोळा दिसतो. म्हणून खिडक्या लावून आरती केली.

मोदकांचं सामान सगळं मिळालं. तांदळाचं पीठ दुकानात, खोवलेला नारळ बाजारात, आणि गूळ 'हापादुरा' नावाने, विटेसारखा कडक. किसून घेतला. उकड पहिल्यांदा बिघडली, दुसऱ्यांदा जमली. पारी करून सारण भरलं आणि मोदक वळून ताटात ठेवला, तशी ती साबुदाणावाली मुलगी ओरडली, 'कोशीन्या!' कोशीन्या म्हणजे इथला कोंबडी भरलेला तळणीचा पदार्थ, आकाराने हुबेहूब मोदक, खाली गोल आणि वर टोक. लहानपणापासून आजीबरोबर शेकड्याने वळल्यात, असं म्हणाली. हात धुऊन माझ्या शेजारी बसली. कोशीन्याला कळ्या नसतात, त्या मी दाखवल्या. दुसऱ्या मोदकाला तिला साधलं. बोलणं सगळं पोर्तुगीजमध्ये चाललं होतं हे मला ताट भरल्यावर लक्षात आलं.

एकवीस झाले. फोटो टाकतो.

---

मीनल_ठाणे
८ सप्टेंबर २०२४

अरे वा! कळ्या किती पडल्या ते सांग.

---

रोहित_सांगलीकर
८ सप्टेंबर २०२४

माझ्या सात. तिच्या अकरा.